हौदावरचा तवंग

हणमंतराव बिलोलीकरांनी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली आणि त्या चौतीस वर्षांत त्यांना एकही नळ सरळ वाटला नाही. कुणाच्या मोरीखालून चोरटी जोडणी गेलीय, कुणी मीटरला दगड बांधून ठेवलाय, हे हुडकून काढणं हेच त्यांचं काम होतं. निवृत्त झाले, काम सुटलं, खोड तेवढी राहिली. दूधवाल्याला उभं करून दुधात बोट बुडवून बघायचे. कुसुमबाईंच्या गुडघ्यांसाठी हैदराबादच्या कोठी बाजारातून नारायण तेल आणायचे आणि बाटलीवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवायचे, किती गेलं ते कळावं म्हणून. बायकोच्याच तेलावर रेघ! पण त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. "मोजलं की भांडण मिटतं," असं ते म्हणत. भांडण मुळात सुरू कोण करतं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

अशा माणसाच्या घरी गरम पाण्याचा टब आला, म्हणजे काय झालं असेल ते बघा.

मुलगा अजय सहा वर्षं अमेरिकेत राहून परतला होता. हैदराबादेत तेव्हा रोज नवी संगणक कंपनी उघडत होती, काल जिथं खडक होते तिथं आज काचेच्या इमारती. दिवसभर खुर्चीत बसून अजयची पाठ धरायची. तिकडं म्हणे घरामागं गरम पाण्याचा टब असायचा, त्यात अर्धा तास बसलं की पाठ मोकळी. चिक्कडपल्लीच्या घरामागं अंगण होतंच. दिवाळीला घराला रंग दिला आणि त्यातच हे खूळ निघालं.

"इथं नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि तू हौदात बसणार?" हणमंतराव म्हणाले.

"टँकर मागवू, बाबा. तीन महिन्यांतून एकदाच बदलायचं असतं पाणी."

"तीन महिने तेच पाणी?" हणमंतरावांना शिसारीच आली. "तेच पाणी, त्यातच सगळ्यांनी बसायचं? कुठंतरी पाणी मुरतंय यात."

तरी बंजारा हिल्सच्या दुकानात ते हट्टानं सोबत गेले. टायवाला विक्रेता पुढं झाला. हणमंतरावांनी एकेका टबाला बोटांच्या पेरांनी टकटक करून बघितलं, खाली वाकून पाणी बाहेर कुठून जातं ते पाहिलं, हीटरला अर्थिंग कसं दिलंय ते विचारलं. विक्रेता म्हणाला, "सर, याला देखभाल काहीच लागत नाही."

"मग हे ब्रश, ही पावडर, हे डबे इथं शोभेला मांडलेत का?"

विक्रेत्यानं टायची गाठ सारखी केली. सून वृषाली पुण्याची, मोकळी, ती खुदकन हसली. शेवटी टब निवडला तो हणमंतरावांनीच. सहाजणांचा नको, चौघांचाच घे, मोठ्या हौदाला पाणी आणि वीज फुकट जाते. झाकण जाड हवं, नाहीतर सगळी ऊब वर जाते. गाळणी हातानं निघून धुता आली पाहिजे. आणि पाणी काढायची तोटी तळाशी हवी, बाजूला नको, म्हणजे खालचा गाळ राहत नाही. अंगणात नुसत्या फरशीवर ठेवू द्यायला त्यांनी साफ नकार दिला. भरल्यावर दीड टन वजन होणार, म्हणून सहा इंच काँक्रीटचा ओटा घालून घेतला. एवढं करून म्हणाले, "मला अजून विश्वास नाही, बरं का."

टब आला, टँकर आला, टँकरचं पाणीही तपासून झालं. घरात एकोणीस वर्षं काम करणारी चतुराबाई गौलीगुड्याहून यायची. तिनं वाफाळणारं पाणी बघितलं आणि पदर तोंडावर धरला. "बाई बाई, ही तं देग हाय! माणसं शिजवता का काय?"

कुसुमबाई स्वयंपाकघराच्या दारात भिंत धरून उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. कोठीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि त्या भीतीनं पुढं ढकलत होत्या. मधल्या बोळातून चालताना भिंतीला हात लावत जायच्या. कमरेच्या उंचीवर त्यांच्या तेलकट हाताचा लांब पट्टा उमटलेला असायचा. दिवाळीच्या रंगात तो बुजला. मागच्या दाराच्या दोन पायऱ्या तर त्या वर्षभरात उतरल्या नव्हत्या.

"मी बसून बघू का त्यात?" त्यांनी त्या दिवशी जेवताना हळूच विचारलं.

"तू? त्यात काय काय टाकतात ठाऊक आहे का तुला? घसरलीस म्हणजे? मला आधी सहा महिने बघू दे ते पाणी कसं वागतं. मग तुझं."

कुसुमबाईंनी मान हलवली आणि आमटी वाढली.

अजय-वृषाली रविवारी बसायचे, बाकी आठवडाभर टब हणमंतरावांच्या ताब्यात. ते एकदाही पाण्यात उतरले नाहीत. देखभाल मात्र अशी केली की दुकानदारानं येऊन शिकावं. टबासोबत आलेल्या कागदी पट्ट्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. खात्यातल्यासारखी काचेची नळी आणली, त्यात पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग किती चढतो त्यावरून क्लोरीन ठरवायचं. सकाळी पाण्याची उंची पट्टीनं मोजायची, दर आठवड्याला गाळणी धुवायची, झाकणाच्या आतली ओल पुसायची, आणि सगळं एका वहीत लिहायचं.

फेब्रुवारीत वही बिघडली. पाण्याची उंची आठवड्याला दोन दोन बोटं उतरू लागली. क्लोरीन टिकेना. बुडबुडे सुरू केले की वर पांढरा फेस, आणि कडेला बोट फिरवलं की बुळबुळीत तवंग.

हणमंतरावांना खरं सांगायचं तर आनंद झाला. "मी म्हणत नव्हतो?" ते घरभर सांगत फिरले. टबात खोट आहे, पावडर बनावट आहे, दुकानदार लबाड आहे. दुकानाचा मेकॅनिक यादगिरी आला. त्यानं गाळणी काढली, नाकाशी धरली आणि हसला.

"मशीन एकदम ठीक है, साब. पानी में तेल है. कौन तो बी तेल लगाको उतर रें."

"हमारे घर में? नक्को बोलो!"

"हौ साब. सूंगके देखो."

हणमंतरावांना जुनाट सर्दी, त्यांना कसलाच वास येत नसे. पण डोकं चालू लागलं. खोट टबात नाही, म्हणजे माणसात आहे. अजय-वृषाली आधी अंघोळ करून उतरतात. उरलं कोण? दुपारी तीन ते पाच ते स्वतः वाचनालयात वर्तमानपत्रं वाचत बसतात. तेव्हा घरात दोघीच. कुसुमला पायऱ्या उतरता येत नाहीत. राहिली चतुराबाई.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी झाकणाच्या कडीला शिवणाचा पांढरा दोरा बांधला. परत आले तर दोरा तुटलेला. तिसऱ्या दिवशीही तुटलेला. एकोणीस वर्षं जिच्या हातात घराची किल्ली दिली, ती ही! हणमंतरावांचा संताप झाला, आणि खोटं कशाला बोला, आत कुठंतरी समाधानही झालं. चोर सापडला की त्यांना नेहमीच तसं वाटायचं.

चौथ्या दिवशी ते वाचनालयाच्या कोपऱ्यापर्यंत गेले, तिथंच तासभर रेंगाळले आणि सव्वाचारला माघारी फिरले. मागच्या फाटकातून अंगणात आले. चतुराबाई टबाचं झाकण लावत होती. हात कोपरापर्यंत ओले.

"चतुराबाई, पिशवी आण तुझी."

ती बघतच राहिली. "काहून साहेब?"

"आण म्हटलं ना!"

तिनं पिशवी आणली. हणमंतरावांनी ती ओट्यावर स्वतः उपडी केली. जेवणाचा डबा, चुन्याची डबी, नातीसाठी घेतलेली लाल रिबीन, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली. त्यांनी कागद सोडला. अर्धी संपलेली तेलाची बाटली. तिच्यावर पेन्सिलीची रेघ नव्हती.

"हे काय आहे?"

"तेल हाय."

"कशाला लागतं तुला इथं तेल?"

चतुराबाईनं मागच्या दाराकडं बघितलं.

"या हौदात कोण उतरतं? बोल की! दोरा तुटतो, पाणी सांडतं, तेल तुझ्या पिशवीत. मी चौतीस वर्षं हेच केलंय, मला शिकवू नकोस."

तिनं रिबीन उचलून मुठीत धरली.

"उद्यापासून येऊ नकोस," हणमंतराव म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. कुसुमबाई बाहेर आल्या. नुकतं लुगडं बदललेलं, ओल्या लुगड्याचा पिळा दोन्ही हातांत धरलेला. त्या पहिली पायरी उतरल्या. मग दुसरी. दोन्ही हात गुंतलेले, भिंत नाही, कठडा नाही. अंगण ओलांडून त्या थेट नवऱ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"आधी तिची पिशवी भरा," त्या म्हणाल्या.

हणमंतराव त्यांच्या पायांकडं बघत होते. "तू... पायऱ्या उतरलीस?"

"दोन महिने उतरतेय. पहिला महिना तिनं हात धरून शिकवलं, पाण्यात बसायला लागले ती मागच्या महिन्यापासून. रोज तीन वाजता मी बसते त्या पाण्यात. एवढे दिवस गुडघे माझे नव्हतेच, तिथं बसलं की माझे होतात."

"आणि तेल?"

"गरम पाण्यात कोरड्या अंगानं कोण बसतं हो? दिवाळीला तुम्ही तरी बसता का? आधी तेल, मग पाणी, हेच ठाऊक मला. घरातलं तेल घ्यावं तर बाटलीवर तुमची रेघ. म्हणून ती गौलीगुड्याहून आणते. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मी तिला. मूर्खपणा झाला माझा."

"मला सांगायचं होतंस, कुसुम."

"सांगून? कशावरून बरं वाटतंय, असं विचारलं असतं तुम्ही." कुसुमबाईंचा आवाज पहिल्यांदाच कापला. "मला कशावरून ते सांगता आलं नसतं. नुसतं बरं वाटत होतं. तेवढं तरी मला बिनमोजलेलं हवं होतं."

हणमंतराव वळले. ते घरात गेले. मधल्या बोळात दिवा लावून त्यांनी भिंत बघितली. दिवाळीचा रंग जवळजवळ जसाच्या तसा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही तेलकट हाताचा तो लांब पट्टा नव्हता. या बोळातून ते दिवसातून वीस वेळा जात होते. पाणी दोन बोटं उतरलं ते वहीत होतं. बायको भिंत सोडून चालायला लागली, ते कुठंच नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पुढचं सगळं नीट झालं म्हणायचं. यादगिरीनं पाणी बदलून दिलं, गाळणी नवी घातली. तेल पाण्यातून बाहेर आल्यावर लावायचं, आधी नाही, असं ठरलं. दुपारचं वाचनालय बंद झालं. तीन वाजता हणमंतराव स्वतः झाकण काढतात, तान्ह्या मुलाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं कोपर बुडवून बघतात आणि हाक मारतात. हात पुढं केला तर कुसुमबाई म्हणतात, "सोडा, येतंय मला." ऑपरेशनचं डॉक्टर म्हणाले, सध्या थांबून बघू. तेलाच्या बाटलीवर आता रेघ नसते.

चतुराबाईही दुसऱ्या दिवशी आली. कुसुमबाईंनी तिचे हात धरले होते, म्हणून आली. भांडी, धुणं, केर, सगळं पूर्वीसारखं. संध्याकाळी निघायची वेळ झाली तशी ती अंगणात आली आणि हणमंतरावांच्या खुर्चीपुढं पिशवी उघडून उभी राहिली.

"बघा, साहेब."

त्यांना वाटलं, रागावलीय, एकदोन दिवस चालेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ना रडणं, ना टोमणा. ते बघेपर्यंत ती जागची हलत नसे. महिना झाला, शिवरात्र होऊन होळी आली. एका संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. खुर्चीतून उठले, जन्मात कुणापुढं जोडले नव्हते ते हात जोडले.

"चतुराबाई, चुकलं माझं. माफ कर. बंद कर ती पिशवी."

चतुराबाईनं त्यांच्याकडं शांतपणे बघितलं.

"एकोणीस वर्सं बंदच हुती की, साहेब," ती म्हणाली, आणि पिशवीचं तोंड आणखी थोडं उघडून उभी राहिली.