आबकरचा पाहुणा

तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीच्या काठावरच्या आमच्या वस्तीत आता दोन-चारच चुली पेटतात. त्यातली एक माझा शेजारी आबकरची. बायको वारली. मुलगे जेद्दाला मजुरीला गेले, ते तिकडचेच झाले. बाकीचेही हळूहळू उठून गेले, कारण समुद्र आमचा राहिलाच नव्हता. मालाच्या जहाजांवर क्षेपणास्त्रं पडायची, आणि राखणीला आलेल्या बड्या देशांच्या युद्धनौकांना प्रत्येक होडीत शत्रू दिसायचा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दूरवर एक जहाज पेटलं. धुराखाली नारिंगी ठिपका तरंगत होता.

"माणूस आहे तो," आबकर म्हणाला.

"असेल. पण होडी घातलीस तर तुलाच उडवतील."

"मग तू येऊ नकोस. ढकलायला तरी हात लाव की!"

मी होडी ढकलली. बायकोची पांढरी ओढणी काठीला बांधून तो निघाला. डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. दुपारी परतला तो भाजलेल्या एका खलाशाला घेऊनच. फिलिपिन्सचा, नाव रोमेल.

त्याची भाषा आम्हाला येईना, आमची त्याला. तरी आबकर बोलत सुटला. भट्टीत भाजलेल्या मासळीचे काटे काढून त्याला भरवायचा. "खा रे, एवढं काही वाईट नाही झालेलं. बायको नावं ठेवायची, पण ताट चाटूनपुसून खायची!" रोमेल मधेच आपल्या भाषेत काहीतरी सांगायचा, रडायचा. "हो ना, हो ना," आबकर म्हणायचा. इतकं बोलताना मी त्याला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग चौकीवरचे सैनिक आले.

"जहाजाजवळ काय करत होतास? कुणासाठी टेहळणी करतोस?"

"पाहुणा आणायला गेलो होतो."

त्यांना ती थट्टा वाटली. होडी जप्त झाली. रोमेलला ते घेऊन जायला लागले, तर तो आबकरचं मनगट सोडेना. एका सैनिकाने त्याची बोटं सोडवली. हळूच, पण सोडवलीच.

होडी परत मिळाली नाही. धाकट्या मुलाचा फोन आला, "बाबा, इकडे या." आबकर गेला नाही.

"अरे, इथे राहून करणार काय?" मी विचारलं.

"रोमेल आला आणि घर बंद दिसलं तर?"

"तो कशाला येतोय आता?"

"ते कळतं मला," तो म्हणाला, आणि चहा ओतायला उठला.

हल्ली तो खडकावरून गळ टाकतो. समोरून जहाजं जात असतात. एवढी मोठी, की त्यांच्यावर माणूस दिसत नाही.