मागं न जाणारी गाडी

घरात एक जुनी गाडी आणि एक लहान मूल असलं की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. दोघंही दवाखान्यात नेलं की गप्प बसतात आणि घरी आणलं की सुरू होतात. माझ्याकडं दोन्ही आहेत. त्यात मी घाबरट. त्यामुळं गेल्या पावसाळ्यात इतकं साठलं की आता सांगितल्याशिवाय बरं वाटायचं नाही.

आमचं घर म्हणजे शेतातला आखाडा, गावाबाहेरची वस्ती. बोरीकडं जाणारी डांबरी सडक इथून दिसते, पण मधे काळ्या मातीची पांदण, म्हणजे शेतातली कच्ची वाट आहे. पाऊस झाला की मोटारसायकल त्या चिखलात रुतून उभीच्या उभी राहते. बाहेर निघते ती फक्त सासऱ्यांची, म्हणजे तात्यांची, जुनी फोर-व्हील गाडी. एक छोटा लिव्हर टाकला की तिची चारही चाकं जोर लावतात, त्याला आम्ही चारचाकी म्हणतो. माझ्या दोन वर्षांच्या ओवीला पावसाळ्यात धाप लागते. मागच्या साली एका संध्याकाळी तिला घेऊन आम्ही याच गाडीतून जिंतूरचा दवाखाना गाठला होता. तेव्हापासून कुणाला देवीचा आधार असतो तसा मला या गाडीचा आहे.

आणि तात्यांनी ती विकायला काढली. का, तर ती कटकट करते.

"माझी सून कटकट करीत न्हाई आन् ही गाडी करायलीय," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. पहिल्या अर्ध्या वाक्यावर माझा नवरा गणेश खोकायचा.

* * *

आवाज यायचा तो पुढच्या चाकातून. पांदण ओलांडेपर्यंत काही नाही. डांबरी लागली, चारचाकी काढायला तो छोटा लिव्हर मागं घेतला, गाडी जरा पळायला लागली, की सुरू. कट्, कट्, कट्, कट्.

"कुनीतरी आत बसून सुपारी कातरायलंय," सासूबाई म्हणाल्या. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो.

गणेशचं बोरीत खता-बियाणांचं दुकान आहे, त्यामुळं त्याला सगळ्यावर मत असतं. तो म्हणाला, "टायरमधे खडा अडकलाय." त्यानं खडे काढले. आवाज तसाच. मग तात्या म्हणाले, ग्रीस संपलं असेल. चाकाच्या मधोमध एक डबीसारखा भाग असतो, त्याला हब म्हणतात. गाडी चारचाकीत टाकली की हीच डबी पुढच्या चाकाला आतल्या दांड्याशी जोडते. तात्यांनी ती उघडून त्यात ट्रॅक्टरचं ग्रीस असं भरलं, जसं आई पुरणपोळीत पुरण भरतात.

दुसऱ्या दिवशी आवाज खरंच बदलला. कट् कट् जाऊन गच् गच् यायला लागलं.

"आता भिजवलेली सुपारी हाय," आई म्हणाल्या.

* * *

बोरीतल्या रशीदभाईंचं गॅरेज रस्त्याला लागून आहे. त्यांची एक शिस्त आहे. आलेली प्रत्येक गाडी ते स्वतः उलटी आत लावतात, तोंड रस्त्याकडं. मी गाडी त्यांच्या दारात सोडली, त्यांनी ती आत घेतली, ग्रीस पुसून काढलं, आणि मग चक्कर मारून आले.

"भाभी, ये तो एकदम खामोश है."

"अहो, आत्ता इथपर्यंत वाजत आली."

मी शेजारी बसले. दोघांनी चक्कर मारली. गाडी देवळात आल्यासारखी गप्प. पुढच्या पावसानंतर परत गेले, परत तेच. त्यानंतरच्या वेळी रशीदभाईंनी गाडीकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. आणि फार प्रेमानं विचारलं, "भाभी, नींद बराबर होती ना?"

ही नजर माझ्या ओळखीची होती. ओवीच्या डॉक्टरांचीही हीच होती. रात्रभर खोकणारी पोरगी त्यांच्या टेबलावर बसून हसायची, आणि ते मला म्हणायचे, "ताई, तुम्ही जरा विश्रांती घ्या."

मलाही शंका यायला लागली होती. कदाचित आवाज माझ्यातूनच येत असेल.

* * *

शेवटी दोघांनीही एकच उपाय सांगितला. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा.

ओवीचा खोकला मी रात्री रेकॉर्ड केला. गाडीचा आवाज सकाळी. मी गाडी चालवत होते आणि आई मोबाइल खिडकीबाहेर धरून बसल्या होत्या. रेकॉर्डिंगमधे कट् कट् आहे आणि मधूनमधून आई, "हळू गं माय, हळू. पडंल नं."

दोन्ही पाठवून मी स्वयंपाकाला लागले. डॉक्टरांचा लगेच फोन आला. ते कधी फोन करत नाहीत.

"ताई, बाळ कुठंय?"

"अंगणात खेळायलीय."

"खेळतेय? तिचं अंग निळं वगैरे पडलंय का?"

पळी हातातच राहिली. धावत जाऊन पाहिलं. ओवी कोंबडीला भाकरी चारत होती. तेवढ्यात रशीदभाईंचा मेसेज आला : "भाभी, सायलेन्सर में पानी गया है. बहुत पुराना केस है."

कुणाला काय गेलं ते तेव्हा कळलं.

आई म्हणाल्या, "एवढं काय घाबरायचं त्यात. दोघींनाबी वाफ दी."

* * *

आता आमच्या घरातला एक नियम सांगते. निघताना गाडी मागं घ्यायची नाही. कामाला निघालेलं माणूस मागं सरलं की काम मागं पडतं, अशी आईंची पक्की समजूत. म्हणून आखाड्यावर गाडी एका अंगानं आत येते, लिंबाला वळसा घालून दुसऱ्या अंगानं बाहेर पडते. बोरीतही मैदानातून मोठा वळसा. तात्यांनी ही गाडी घेतल्यापासून तिचं तोंड पुढंच.

लग्न होऊन आल्यावर या घरातले बरेच नियम मला जड गेले. हा एकच मनापासून पटला. कारण मला रिव्हर्स येत नव्हता. परभणीत ड्रायव्हिंग क्लास केला, लायसन्सच्या परीक्षेत एकदा मागं गेले, आणि साहेबांनीच म्हटलं, बस, बस, कळलं. त्यानंतर मी आयुष्यात पुढंच गेले आहे.

* * *

दसऱ्यानंतर अवकाळी पाऊस झाला. जिंतूरचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी दोन दिवसांत येणार, असं तात्यांनी एका सकाळी सांगितलं. त्याच सकाळी ओवीची छाती वाजायला लागली. मी, आई आणि ओवी निघालो. गाडीनं पांदण लोण्यासारखी कापली. डांबरीवर लिव्हर मागं घेतला आणि सुपारी सुरू झाली.

पुढं ओढ्यावर अरुंद पूल आहे. मी त्यावर चढले आणि समोरून ट्रॅक्टर आला. त्याच्या मागं सोयाबीन काढायचा हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, पुलाएवढाच रुंद.

ट्रॅक्टरवाला ओरडला, "ताई, मागं घ्या."

"आमी दवाखान्याला निघालोत," आई खिडकीतून म्हणाल्या. "आमी मागं जात नसतोत. तूच जा."

"मावशी, माझ्यामागं हडंबा हाय. त्यो मागं गेला तर वढ्यात जाईल."

"मग हडंबा घेऊन कशाला आलास?"

"सोयाबीन काढायला, मावशी. नाचवायला न्हाई आणला."

ओवीचा श्वास शिट्टीसारखा ऐकू येत होता. मी म्हटलं, "आई, मला जाऊ द्या मागं." मी हे म्हटलं यावर माझाच विश्वास बसेना.

आईंनी ओवीकडं पाहिलं. मग दार उघडलं, ओवीला कडेवर घेतलं आणि खाली उतरल्या.

"आमी दोघी गाडीत न्हाईच," त्या म्हणाल्या. "म्हंजे गाडी अजून निघालीच न्हाई. जा आता कितीबी मागं."

मी मान वळवली, रिव्हर्स टाकला आणि पुलावरून मागं आले. एकदा कठडा फारच जवळ आला. ट्रॅक्टरवाला "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. खरं तर मीच जात होते. पूल मोकळा झाला, हडंबा गेला. आई येऊन बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "हं. आता निघालो."

निघालो. आणि गाडीत नुसता ओवीचा श्वास ऐकू येत होता. दुसरं काहीच नाही.

आवाज बंद म्हणजे आवाज करणारी वस्तूच पडली असणार. मी गाडी थांबवली आणि पुलाजवळच्या रस्त्यावर पडलेला पार्ट शोधायला लागले.

"काय हुडकायलीस?"

"काहीतरी पडलंय, आई."

"कशावरून?"

"आवाज येत नाहीये."

आईंनी कपाळावर हात मारला. "बाई गं, आवाज येईना म्हणून रडनारी तूच एक."

* * *

डॉक्टरांनी त्या दिवशी ओवीच्या छातीला नळी लावून नीट ऐकलं आणि पहिल्यांदाच मला विश्रांती घ्या म्हणाले नाहीत. वाफ दिली, औषध बदललं. दुपारपर्यंत पोरगी कंपाउंडरची टोपी मागत होती.

तिथून मी सरळ रशीदभाईंकडं गेले. सगळं सांगितलं. चिखल, लिव्हर, डांबरी, कट् कट्, मग मागं गेले आणि बंद.

"हां, वो तो ऐसाच है," ते म्हणाले. "इसके हब ऑटोमॅटिक है ना. लिव्हर काढला तरी डबी पूरी सुटत न्हाई. थोडं सीधं मागं घ्यायचं, मग सुटती. न्हाई तर अर्धी अडकून वाजत राहती. सबको मालूम है."

"मग मला का नाही सांगितलं?"

रशीदभाईंनी पाना खाली ठेवला. "भाभी, दुनिया में ऐसी भी गाडी हाय जी कधी मागंच गेली न्हाई, ये मुझे क्या मालूम?"

आणि ते दर वेळी स्वतःच गाडी उलटी आत लावत होते. त्यांच्या दारात माझा आवाज मिटत होता. म्हणजे मी वेडी नव्हते. हे मी घरी येईपर्यंत गाडीत मोठ्यानं बरेचदा म्हटलं. आईंनी हरकत घेतली नाही.

* * *

व्यापारी आला, मोटारसायकल अर्ध्या पांदणीत सोडून, चपला हातात घेऊन. चहा झाला. तात्या त्याला गाडी चालवून दाखवायला निघाले. मागं गणेश, मी, आई, ओवी, सगळेच बसलो. पांदण ओलांडली, डांबरी लागली, तात्यांनी लिव्हर मागं घेतला. कट्, कट्, कट्.

व्यापारी गालात हसला. "तात्या, लय काम निघंल हिचं."

मी म्हटलं, "तात्या, जरा थोडं मागं घ्या ना."

तात्यांनी आरशातून पाहिलं. "सौद्याला निघालोय, सूनबाई. मागं घेऊ?"

गणेश पुटपुटला, "पाव्हण्यापुढं नको." आरशातली तात्यांची नजर आता आईंकडं गेली. शेवटी नियम त्यांचा होता. मीही त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या मांडीवर ओवी होती, तिचा श्वास आता शांत होता.

आईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"देवळातून निघताना आपन देवाला पाठ दाखवतो का?" त्या म्हणाल्या.

"न्हाई," तात्या म्हणाले.

"कसं निघतो?"

"मागं सरत सरत."

"मग शेत काय देवापरीस कमी हाय? इतकी वर्सं तुमी त्याला पाठ दाखवून निघालात, म्हणून ही कटकट. घ्या मागं."

तात्यांनी एकदा मागं शेताकडं पाहिलं. मग त्यांनी गाडी हळूहळू, सरळ रेषेत मागं घेतली आणि पुन्हा पुढं काढली. डांबरीवर टायर घासल्याचा तेवढा आवाज. व्यापाऱ्यानं कान खिडकीबाहेर काढला, परत आत घेतला. म्हणाला, "तात्या, मग आपन भावाचं बोलू."

"कशाच्या भावाचं?" तात्या म्हणाले. "इकायची कुनाला हाय?"

व्यापाऱ्याच्या मोटारसायकलचं मागचं चाक चिखलानं जाम झालं होतं. ती आम्ही दोरानं गाडीला बांधून पांदणीबाहेर काढली. या वेळी स्टीअरिंगवर मी होते. डांबरीवर आलो, दोर सोडला. व्यापाऱ्याला आम्ही पुलापर्यंत सोडणार होतो आणि मोटारसायकल गणेश चिखल काढून मागून आणणार होता, म्हणून व्यापारी मागच्या सीटवर आईंच्या शेजारी येऊन बसला. मी लिव्हर काढला, मान वळवली आणि गाडी मागं घ्यायला लागले.

आईंनी शेताकडं तोंड करून हात जोडले. ओवीनं जोडले. तात्यांनी जोडले.

व्यापाऱ्यानं एकदा सगळ्यांकडं पाहिलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्यानंही जोडले.