चाचणीचा मेसेज
आज नव्या संगणकाचं खोकं उघडलं, थर्माकोलचा वास आला आणि नागपूरच्या मिहानमधला माझा नोकरीचा पहिला दिवस आठवला. मी रामटेकहून आलेलो, ओळखीचं कुणीच नव्हतं. काम शिकवणाऱ्या वंदनाताईंनी माझ्याकडून दोन मशीन नेटवर्कला जोडून घेतली आणि त्यातल्या एकापाशी, हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, जाऊन बसल्या. माझ्या स्क्रीनवर चाचणीचा मेसेज आला, "जेवला का गा?"

"मशीन लावून राहिलो, ताई," मी टाइप केलं.

"जेवून घे. मशीन कुठं पळून नाही जात."

मला तेव्हा एवढंच कळलं, की नेटवर्क चालू झालं.

ताई निवृत्त झाल्या. आता मशीन मी एकटाच लावतो. चाचणीला अजून तोच प्रश्न पाठवतो आणि उत्तर द्यायला उठून दुसऱ्या मशीनसमोर जाऊन बसतो.