वाडीच्या गोदामातला शंकरपट

ऐंशीचं दशक सरत होतं. नागपुरात कॉम्प्युटर विकणारी दुकानं तेव्हा थोडीच होती, आणि त्यातल्या एका लहान दुकानात मी शिकाऊ म्हणून लागले होते. यंत्रं मला समजत, माणसांशी बोलणं जमत नसे. गिऱ्हाईक आलं की मी मागच्या खोलीत काहीतरी काम काढी. उमेदवारी संपत आली तेव्हा एका सकाळी दुकानाचे मालक, म्हणजे आमचे सर, म्हणाले, "आज वाडीला, त्या ट्रकवाल्यांच्या गोदामात, तुम्ही बोलायचं. दुकान लहान आहे. न बोलणारं माणूस ठेवणं मला जमणार नाही." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. ती नोकरी मला हवी होती.

वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्या काकांना कॉम्प्युटर घ्यायचा होता. बिल्टी, म्हणजे ट्रकबरोबर जाणारी मालाची पावती, हातानं लिहून त्यांचे कारकून कंटाळले होते. साधा एक्सटी घ्यावा की वेगवान प्रोसेसरचा एटी, हे काकांचं ठरत नव्हतं. सरांनी दोन्ही दाखवायचं कबूल केलं होतं. दोन कॉम्प्युटर आणि दोन सारखेच प्रिंटर मेटॅडोरमध्ये घालून आम्ही गोदामात पोहोचलो, तर तिथे शंकरपट भरलेला. आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. इथे बैलांच्या जागी दोन टेबलं होती, दोन्ही बाजूंना हमाल आणि कारकून, सगळे जोडे बाहेर काढून. काकांच्या हातात रुमाल.

"हे पाह्य पोरी," काका मला म्हणाले, "मी बैल घेतो तं नुसते दात पाहत नाही, पळवून पाहतो. दोघांले बी सारख्याच बिल्ट्या दे छापाले."

रुमाल खाली आला. एक कळ मी दाबली, एक सरांनी. प्रिंटर किरकिरू लागले. एक्सटीच्या बाजूचा एक हमाल हलक्या आवाजात "चाल बेटा, चाल" म्हणत होता. दोन्हीकडचे कागद जवळजवळ एकदमच संपले.

"घ्या," काका म्हणाले. "सर, तुमचा पळणारा तं याच्यासंगच आला गा. मग त्याचे जास्त पैसे काहून मोजू मी?"

सगळे हसले. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

उत्तर मला माहीत होतं, पण इंग्रजीत. शाळेपासून जे शिकले ते सगळं त्याच भाषेत डोक्यात बसलेलं. माझी मराठी घरातली होती, स्वयंपाकापुरती, आजारपणापुरती. काका थांबले. घाई केली नाही, की सरांकडेही वळले नाहीत.

मग मी दोन्ही प्रिंटरच्या केबल काढल्या. काकांच्या जुन्या बिल्ट्या दाखवण्यासाठी म्हणून मीच आधी टाइप करून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या गावांप्रमाणे लावायचा प्रोग्राम दोन्हीकडे तयार ठेवला.

"काका, पुन्हा," मी म्हटलं.

त्यांनी रुमाल उचलला. एटीच्या पडद्यावर बघता बघता गावं ओळीनं लागली. एक्सटीचा लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. कुणीतरी चहा सांगायला गेलं, चहा आला, पिऊन झाला, तेव्हा कुठे त्याची यादी उमटली.

काकांनी वाकून दोन्ही पडदे पाहिले. "म्हणजे मघाशी हा त्या प्रिंटरसाठी थांबून राहिला होता?"

"हो."

"नाक्यासारखंच झालं. नवा ट्रक असो का खटारा, जकात नाक्यावर दोघंही रांगेतच."

मला कुठल्याच भाषेत हे सुचलं नसतं. "हो काका," मी म्हटलं, "नाक्यावर इंजिनाची ताकद कळत नाही."

"बरं, मग मी कोणता घेऊ?"

दुकानाचा फायदा एटीत होता, हे मला ठाऊक होतं. सर अजून चष्माच पुसत होते. मी विचारलं, "रोजचं काम काय असेल?"

"बिल्ट्या. गावांचा हिशेब मुनीमजी दिवाळीले करते."

"मग साधा पुरे. दिवाळीला चहा पिऊन वाट पाहता येईल."

हमाल पुन्हा हसले, पण या वेळी माझ्या बाजूनं. काका सरांना म्हणाले, "ही पोरगी तुमच्याकडं कामाले आहे का माझ्याकडं?"

सरांनी चष्मा चढवला. "माझ्याकडं. ती सांगते तोच घ्या."

मेटॅडोरमधून परतताना मला एक गोष्ट उमगली. प्रिंटर कॉम्प्युटरला ताटकळत ठेवतो, हे मी दुकानात लागल्यावर सरांनीच मला शिकवलं होतं. गोदामात उत्तर त्यांच्या ओठांवर असणार. एटीची विक्री हातची जाईल हे दिसत असूनही ते गप्प राहिले. पुढे मी खूप लोकांसमोर बोलले, पण माझ्यासाठी इतका वेळ गप्प राहिलेली माणसं मला फार भेटली नाहीत. त्या दिवशी एकाच खोलीत दोन भेटली.

"एटी परत चालला," मी म्हटलं. आभार मानायचे होते, ते जमलं नाही.

"चालू द्या," सर रस्त्याकडे बघत म्हणाले. "पुढच्या आठवड्यात कुहीला जायचं आहे, भाताच्या गिरणीवाल्यांकडे. त्यांना कोणता लागेल ते तुम्ही ठरवा. मी गाडीत बसून राहीन."

मी बरं म्हटलं.