ढोकरीचे गप्पी

"आजही मेले?" डॉक्टर सरांनी दारातूनच विचारलं.

मी मान हलवली. मेलेले गप्पी मासे बादलीत होते.

वसईतल्या आमच्या पक्षी-उपचार केंद्रात एक ढोकरी ॲडमिट होती. ढोकरी म्हणजे डबक्याकाठी दिसणारा तपकिरी बगळा. राजोडी गावात नायलॉनच्या जाळ्यात अडकून तिचा पंख दुखावला होता. ती फक्त हलणारे मासे खायची. म्हणून आम्ही फीडर फिश, म्हणजे तिला खाऊ घालायचे जिवंत गप्पी, टँकमध्ये ठेवायचो. टँकची जबाबदारी माझ्याकडे होती.

"आजारी मासा द्यायचा नाही," सर म्हणाले. "आणि उपाशी राहिली तर ती जगणार नाही."

एअर पंप चालू होता. क्लोरीन उडून जावा म्हणून पाणी आदल्या दिवशीच भरलेलं. तरी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. टेस्ट किटमध्ये पाणी हिरवं झालं. म्हणजे अमोनिया. कुजलेल्या अन्नातून तो तयार होतो आणि माशांचे कल्ले जाळतो. पण मी तर दाणे चिमूटभरच टाकत होते.

फिल्टरचा स्पंज पिळला. पांढरा लगदा निघाला. पाव!

कोणाला विचारणं मला जमत नाही. टँकजवळ स्टूल घेऊन बसले. चहानंतर साफसफाई करणाऱ्या फिलोमिना आंटी आल्या आणि खिशातून पावाचा तुकडा काढून पाण्यात कुस्करू लागल्या.

"आंटी, हे रोज?"

"मग! बगळ्याच्या तोंडात जायचीत ती. मरायला निघालेल्याला उपाशी धाडतात काय, बाय?"

मी हिरवी टेस्ट ट्यूब दाखवली. "पाव पाण्यात कुजतो. मग त्यांना श्वास घेता येत नाही."

त्या माझ्या स्टुलावर बसल्या. "म्हंजे मीच मारली?"

"आता तुम्हीच भरवा ना," मी म्हटलं. "फक्त हे दाणे. चिमूटभर. उरलं तर जाळीने काढायचं."

आम्ही दोघींनी अर्धं पाणी बदललं. हळूहळू टेस्टचा रंग पिवळ्यावर आला. मासे तळाशी फिरू लागले. ढोकरी खाऊ लागली. तेव्हा आंटी पाठ फिरवून लादी पुसायच्या.

पंख बरा झाल्यावर तिला गावाबाहेरच्या तळ्यावर सोडलं. आंटी हट्टाने आल्या होत्या. पिंजऱ्याचं दार त्यांनीच उघडलं.

"माझी एवढी पोरं गिळलीस," त्या म्हणाल्या. "आता नीट उड गो."

ती उडाली.

हल्ली पाणी बिघडलं की मी टेस्ट किट नंतर काढते. आधी विचारते, आज कोणाला माशांची दया आली?