फक्कीच्या रेघांतलं घर

खोटं कशाला बोलू, मोहनशेठ गेल्याचा त्यांच्या मुलाचा, पियूषचा फोन आला तेव्हा मला आधी हायसंच वाटलं. रडू मागाहून आलं, भाकरी थापताना. शेवटचे महिने त्यांनी जे काढले ते वैऱ्यालाही नकोत... श्वास घ्यायचा तर उशी धरून बसायचं, बोलायचं तर आधी दम साठवायचा. सुटले बिचारे. पण एक गोष्ट त्यांच्या जिवाला लागून राहिली होती. मी शेवटचं भेटायला तळोद्याला गेले, तर तब्येतीचं विचारूच देईनात. म्हणाले, "बाई, मन्हा मांगे हाई काम बंद पडी जाई." पियूष तिथेच औषध ओतत उभा होता. त्यानं नुसता चमचा पुढे केला.

हे काम म्हणजे तयार भिंतींची घरं. कारखान्यात ओतलेल्या भिंती ट्रकमधून यायच्या, क्रेननं उभ्या राहायच्या आणि बघता बघता घर तयार. मोहनशेठांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठजी स्वतः पक्के तळोद्याचे, अहिराणी आमच्याहून गोड बोलायचे. सिमेंट-सळईचं दुकान आणि जोडीला घरं बांधून द्यायचा ठेका. आता आमच्याकडे घर बांधतात कसं? बघत बघत. भिंत छातीपर्यंत आली की मालकाला खिडकी आठवते, स्लॅब पडला की मालकिणीला देवघर. शेठजी कधी त्रासायचे नाहीत. पाडू की, म्हणायचे. पाडलं की पुन्हा सिमेंट लागतं, आणि ते त्यांच्याच दुकानातून जातं. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. पण कारागीर ऐन हंगामात गुजरातला निघून जायचे, आणि अर्ध्या भिंतींवर पत्रे टाकून पावसाळा काढणारी माणसं त्यांना बघवायची नाहीत. म्हणून हे नवं वेड. पियूषचं म्हणणं, भिंती बाहेरून आल्या तर आपण दुकानात बसून काय माशा मारायच्या? त्याचंही चूक नव्हतं.

पहिलं घर तर चांगलंच अंगाशी आलं. शहाद्याच्या एका गृहस्थांपुढे त्यांनी नकाशा ठेवला, गृहस्थांनी मान डोलावली. भिंती उभ्या राहिल्यावर त्यांची बायको म्हणाली, स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहू शकत नाहीत. आता ती भिंत सरकवणार कोण? गावभर बोभाटा झाला.  महिन्याभरानं मोहनशेठ म्हणाले, नकाशा कुणालाच कळत नाही हो, पण कळला नाही म्हणायची सगळ्यांनाच लाज वाटते.

दुसरं घर आमचं, कळसाडीला. मी तेव्हा शाळेत शिकवायचे, आमचे हे शेती बघायचे. शेठजी सकाळीच फक्कीची पिशवी घेऊन आले, आणि कबड्डीचं मैदान आखतात तसं सगळं घर त्यांनी मोकळ्या जागेत खऱ्या मापानं जमिनीवर आखलं. म्हणाले, आज दिवसभर यातच राहा. यायचं-जायचं ते दारातून, रेघ ओलांडायची नाही. आम्ही गॅस मांडला, सासूबाईंची खाट टाकली. हे चहा घेऊन सरळ रेघेवरून चालत आले, तर सासूबाई ओरडल्या, भिंत फोडली मेल्यानं! रस्त्यानं जाणारे थांबून हसत होते. दुपारी सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मोरी इतली दूर? राते मी कशी जाऊ?" घर बांधताना त्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. शेठजींनी पायानं रेघ पुसली आणि मोरी जवळ ओढली. आमचं नवरा-बायकोचं खिडकीवरून जुंपलं तेव्हा ते खुशीत होते. म्हणाले, "भांडण आजच करी ल्या." संध्याकाळपर्यंत घर निम्मं बदललं, आणि मगच कारखान्याला ऑर्डर गेली.

त्यानंतर थेट डोंगरातल्या मोलगीपर्यंत लोक त्यांना बोलवायला लागले. ते स्वतः मात्र दुकानामागच्या जुन्या विटांच्या घरातच राहिले. आज करू, उद्या करू... माणूस दुसऱ्याच्या घरात गुंतला की असंच होतं.

गेल्या आठवड्यात पियूषचा फोन आला, शहादा रस्त्यावरच्या प्लॉटवर या म्हणून.  वाटलं, आता विटांचे ढीग दाखवून सांगणार, बाई, पप्पांचं ते काम बंद केलं. पोचले, तर जमिनीवर पांढऱ्या रेघा, आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत भाभी, पियूषची आई. घर त्यांचंच होतं. पियूष म्हणाला, आपण विटांच्या घरात राहायचं आणि लोकांना तयार भिंती घ्या म्हणायचं, लोक कशाला ऐकतील? दुकानाचं काय, असं मी विचारलंच. तर म्हणतो, पाया काय हवेत भरतात का, त्याला सिमेंट लागतंच. चांगला चलाख आहे, बापावर गेलाय.

 पियूषनं दोनदा विचारलं तरी भाभी म्हणायच्या, तू ठरव. मग मीच त्यांना हाताला धरून उठवलं आणि स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या रेघेपाशी त्या उभ्या राहिल्या... मग वळल्या आणि दाराच्या दिशेनं तोंड केलं.

"ओटा असा कर," त्या मुलाला म्हणाल्या. "जुन्या घरात आयुष्यभर माझी पाठच होती दाराकडे. तुझे पप्पा आले की चपला वाजायच्या. आले हे कळायचं, येताना कधी दिसले नाहीत."

पियूष रेघ पुसायला खाली बसला, तो लवकर उठला नाही. मग त्यानं डोळे पुसले आणि ओटा दाराकडे फिरवला.