विभूतीखालची जखम

मिलमध्ये आडवं सूत नेणारा लाकडी धोटा मागावरून उडाला आणि माझ्या नवऱ्याच्या कपाळावर बसला. हाडाचे तुकडे झाले होते, ते काढावे लागले. उजव्या भुवईच्या वर अर्धं लिंबू मावेल एवढा खळगा राहिला. माग वाटून देणाऱ्या मुकादमानं, जॉबरनं, बजावलं, "डोकं नीट झालं की ये. असल्या डोक्यानं मागावर उभा करणार न्हाय." म्हणून पुढच्या साली पुण्याला नेऊन त्या जागी प्लॅस्टिकची पट्टी बसवून आणली. दातांची कवळी करतात त्याच मालाची, असं डॉक्टर म्हणाले. कपाळ पूर्वीसारखं दिसायला लागलं. मी मिलचा डबा घासून लख्ख करून ठेवला.

दिवाळीनंतर टाक्यांच्या टोकाला बारीक तोंड पडलं आणि पाणी झिरपायला लागलं. असं काही दिसलं तर तडक या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण आमच्या घरात अंघोळीनंतर विभूती लावल्याशिवाय कुणी ताटावर बसत नाही. सासूबाईंनी रोजच्यासारखी लेकाच्या कपाळावर तीन बोटं ओढली आणि त्या ओल्या जागेवर चिमूटभर जास्तच दाबली. दोन-तीन दिवसांत वर खपली धरली.

"बघ की, सुकलं न्हाय का? तुला लई घाई दवाखान्याची," त्या मला म्हणाल्या.

मी रोज भांडले. "अहो आत्याबाई, राख हाय ती, औषध न्हाय!" आमचे हे मात्र आईच्या बाजूनं. पुण्याला गेलं तर पट्टी काढतील, या धास्तीनं त्यांना खपलीच खरी वाटत होती. दोघांचाही असा संताप यायचा की भाकरी थापताना परात दणदणायची.

बाहेरची वाट बंद झाल्यावर पू आत साचत गेला. पापणी सुजून डोळा मिटला, ताप उतरेना, एका सकाळी न्हाणीतच फिट आली. पुण्याच्या डॉक्टरांनी पट्टी काढून टाकली. जखम पूर्ण बरी झाली की नवीन बसवू, म्हणाले. बरी कसली होते! काही दिवस कोरडी राहायची, पुन्हा झिरपायची. जॉबरनं यांच्या मागावर दुसरा माणूस लावला. मग नव्या पट्टीचं विचारणंच आम्ही सोडलं.

सासूबाईंची विभूती सुटली नाही. फक्त आता खळग्यापाशी आल्यावर त्या बोटं उचलायच्या आणि पलीकडे टेकवायच्या. मधली कातडी नाडीसारखी उडत असायची. एकदा यांनी त्यांचा हात धरून तिथंच ठेवला.

"आई, हितं बी लाव की. आता काय काढून नेणार हायत?"

सासूबाईंनी लावली.